खुलासा : पुस्तक दिनाच्या दोन तारखा

पुस्तकांच्या स्वतंत्र दुकानांनी कळवलेल्या आगामी कार्यक्रमांच्या याद्या एकत्र करून एक संदेश फिरतो आहे : 'जागतिक पुस्तक दिन आता मार्चमध्ये, एप्रिलची तारीख रद्द.' हे खरे नाही.

युनेस्कोने 1995 मध्ये ठरवलेला दिवस 23 एप्रिलच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र हा दिवस मार्चच्या पहिल्या गुरुवारी होतो, कारण एप्रिलमध्ये तिथल्या शाळांना ईस्टरची सुट्टी लागते आणि मुलांशिवाय या कार्यक्रमांत काय उरणार! तेव्हा तिथल्या दुकानाने मार्चची तारीख दिली, तर ती चूक नव्हे. अमेरिकेत एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होतो तो स्वतंत्र पुस्तक दुकानांचा दिवस, तो वेगळाच.

त्याच संदेशात शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्टेस 'एकाच दिवशी गेले' असेही आहे. दोघांची सांगितली जाणारी तारीख एकच, 23 एप्रिल 1616, पण दिवस एकच नव्हे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुने ज्युलियन कॅलेंडर होते, स्पेनमध्ये आज आपण वापरतो ते ग्रेगोरियन. फरक दहा दिवसांचा. शिवाय सर्व्हान्टेस बहुधा 22 तारखेलाच गेले, 23 ला दफन झाले.

कार्यक्रमाला निघण्यापूर्वी यादी कोणत्या देशातल्या दुकानाची आहे, तेवढे पाहा.