‘फरशी न फोडता कमोड हवा तिथे’ या सल्ल्याचा प्रतिवाद

‘कमोड बदलायचाच आहे, तर तो हव्या त्या भिंतीला न्या, लवचीक पाइप जोडला की झाले, फ्लशच्या जोराने मैला आपोआप पुढे जातो,’ असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. त्यात खरे एवढेच, की फरशीतले निचऱ्याचे भोक दोन-तीन सेंटीमीटरने चुकत असेल, तर आतून गुळगुळीत असलेला ऑफसेट कनेक्टर, म्हणजे दोन्ही तोंडे एका रेषेत नसलेला जोडतुकडा, ते सांभाळून घेतो.

लवचीक पाइपचे प्रथम पाहू. काढून टाकलेला असा एक पाइप मी उभा चिरून पाहिला, तेव्हा तळाच्या प्रत्येक वळीत कागदाचा लगदा अडकलेला होता आणि मधला भाग झोळीसारखा लोंबल्यामुळे तिथे पाणी साचून राहत होते.

फ्लशच्या जोराचा मुद्दा अधिक फसवा आहे. टाकीतून सुटलेले सहा लिटर पाणी आडव्या पाइपमध्ये शिरले की पसरते आणि त्याचा जोर ओसरतो. पुढचे काम ढाळालाच करावे लागते. १:४० ढाळ, म्हणजे ४० सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतार, धरला, तर दीड मीटरमध्ये पाइपचे टोक सुमारे ३८ मिमी खाली जाते. त्यात पाइपचा ११० मिमी बाहेरचा व्यास, बेंडची उंची आणि वॉटरप्रूफिंगचा थर मिळवला, म्हणजे फरशीखाली किती खोली हवी ते कळते. ती नसेल, तर कमोड ओट्यावर चढवावा लागतो किंवा पाइप खालच्या मजल्याच्या छताखालून न्यावा लागतो, आणि खालच्या घरातल्यांना ते कोण पटवणार?

‘व्हेंट पाइपशी, म्हणजे मैल्याच्या लाइनला हवा देणाऱ्या पाइपशी, याचा संबंध नाही’ असेही या सल्ल्यासोबत सांगतात; तेही बरोबर नाही. आडवी लाइन लांबली आणि तिला हवा मिळाली नाही, तर वाहते पाणी मागची हवा ओढते. त्याच लाइनवरच्या नहाणी ट्रॅपमधले (न्हाणीच्या जाळीखालच्या भांड्यातले) दुर्गंधी अडवणारे पाणी खेचले जाते, गुडगुड आवाज येतो आणि दुर्गंधी खोलीत शिरते.

जागा बदलणे अपरिहार्यच असेल, तर पी-ट्रॅपचा, म्हणजे मागे भिंतीकडे निचरा होणारा, कमोड घेऊन पाइप भिंतीलगत फरशीच्या वरून नेणे आणि तो चौकटीत झाकणे हा मार्ग मला अधिक सरळ वाटतो; त्यातही काटकोनी बेंडऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड वापरावेत आणि वळणावर सफाईचे झाकण ठेवावे. एस-ट्रॅपच, म्हणजे खाली फरशीत निचरा होणारा कमोडच, घ्यायचा असेल, तर भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टाइल बसलेल्या भिंतीपासून मोजावे, कारण जुन्या टाइलवर नवी टाइल चढली, की आधी जेमतेम बसणाऱ्या कमोडची टाकी भिंतीला अडते.