शेवगा तोडून पाम लावलेत!

आज एका ओळखीच्यांकडे वास्तूला गेले होते, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. घर सुरेख बांधलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण फाटकातून आत शिरून विहिरीकडे पाहिलं तर शेवगा नाही. बुंधा तेवढा राहिलाय, त्यातून डिंक पाझरतोय. फांद्या मागच्या भिंतीशी रचलेल्या, ऐन फुलोऱ्यातल्या. आणि त्या मान टाकलेल्या पांढऱ्या घोसांवर मधमाश्या अजूनही येऊन बसत होत्या. एका घोसात तोंड घालायचं, काही मिळालं नाही की दुसऱ्यात. मंडपातून जेवायला हाका मारत होते, माझा पाय निघेना.

विचारलं, "झाड काहून तोडलं वो वहिनी?" तर म्हणाल्या, "माश्याच माश्या राह्यते त्याच्यावर. लेकरायले चावल्या त?"

बुंध्याभोवती आता फरशी आहे. कुंड्यांमध्ये पाम, फाटकावर बोगनवेल आणि कडेनं नर्सरीतून आणलेला डबल पाकळ्यांचा टपोरा झेंडू. फोटो चांगले येतात म्हणे.

हा झेंडू एकदा उकलून बघा. साध्या झेंडूच्या मधोमध बारीक बारीक नळीची फुलं असतात, माशीचा मध आणि पराग तिथेच. टपोरं करायच्या नादात त्या नळ्यांच्याही पाकळ्या झाल्या. माशी येते, वरवर फिरते आणि निघून जाते. बोगनवेलीचं तर आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान आहे, खरं फूल मधली ती इवलीशी पांढरी नळी. पामबद्दल काय बोलू! म्हणजे घराभोवती एवढी हिरवळ, एवढा रंग, आणि माशीच्या तोंडी लागेल असं जवळपास काहीच नाही. दसरा-दिवाळीला झेंडू लागतो, मान्य. लावा की. पण शेजारी दोन साधी झाडंही लावा ना.

मला सारखं माझ्या आईचं कोहळं आठवतंय. मी बारावीत असतानाची गोष्ट. आमच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, बोरीवर फुलोरी या लहान मधमाश्यांचं मोहोळ असायचं, तळहाताएवढं. कोणीतरी मधासाठी रात्री टेंभा लावून ते जाळलं. त्याच उन्हाळ्यात रस्त्यापायी मोठा कडुनिंबही गेला. पावसाळ्यात आईनं नेहमीसारखा कोहळ्याचा वेल टिनावर चढवला. वेल असा माजला की पिवळ्या फुलांनी टीन झाकून गेलं, पण कोहळं काही धरेना. मादी फुलाखाली सुपारीएवढं दिसायचं, मग पिवळं पडून गळायचं. शेजारची काकू म्हणे नजर लागली.

आई पहाटेच शिडी लावायची. नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतली पिवळी दांडी मादी फुलात हलकेच फिरवायची. ऊन चढलं की फूल मिटतं, म्हणून चहाच्याही आधी हे काम. कोहळ्याचे पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडून जाणारे नव्हेत, कोणीतरी न्यावेच लागतात. बोटं हळद लावल्यासारखी पिवळी करून खाली उतरायची. मी विचारलं तर म्हणाली, "माशी नाही आली त आपणच माशी व्हाव लागते, काय करतं."

आणि आपण झाडं तोडतो, माश्या येतात म्हणून!

हो, आग्या उठली तर जीव घेते, हे मी इथलीच असून नाकारणार नाही. आग्यामोहोळाला कोणी हात लावू नये. पण शेवग्यावर मध प्यायला आलेली माशी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. तिच्या घराला छेडलं किंवा ती हातापायाखाली दाबली गेली तरच ती डसते. फुलोरी तर स्वभावानंच गरीब. आणि जुन्या मातीच्या भिंतीच्या भोकात मेणाची नळी करून राहणारी ती चिमुकली काळी माशी, तिला डसायला नांगीच नाही. लेकरांना हे दाखवायचं की झाडच तोडायचं? त्या बुंध्याला तरी आता हात लावू नका, शेवगा पुन्हा फुटतो.

बरं, माश्यांसाठी पैसे घालायचीही गरज नाही. त्या वर्षीनंतर आईनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, सगळा उपटणं बंद केलं. एक वाफा तसाच सोडायची. सांबार फुलावर आला की पांढऱ्या छत्र्या धरतो, आणि सकाळी त्यावर इतकी वर्दळ की वाफ्याजवळ उभं राहिलं तर गुणगुण ऐकू येते. कांद्याचे गोंडे, सोप (बडीशेप), ओवा, पुदिना, सब्जा, सगळ्यांचं तसंच. आपण फुलायच्या आधीच खुडतो, म्हणून दिसत नाही.

तुळशीचंही तेच. झाड टिकावं म्हणून मंजिऱ्या खुडतात, बरोबर आहे. पण सगळ्या कशाला खुडता? अर्ध्या राहू द्या. दुपारी ओट्यावर बसून पाहा, लहानातली लहान माशीही त्या जांभळट फुलांना लटकलेली दिसेल.

एक करा, जे लावाल ते घोळक्यानं लावा. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, दहा जातींची एकेक कुंडी तिच्या फार कामाची नाही. रंग बघायचा तर जांभळा, निळा, पिवळा, पांढरा. लाल रंग तिला दिसत नाही, लाल जास्वंदीवर बहुतेक पक्षीच येतात. आणि वर्षभराचा विचार करा. माघ-फाल्गुनात पळस, आंबा, आंबिया बहाराचा संत्रा, मग कडुनिंब, करंज, जांभूळ. पावसाळ्यात तीळ, कोहळं, दोडके. हिवाळ्यात पूर्वी धुऱ्याला (बांधावर) करडई आणि शेतात जवसाची निळी फुलं असायची, सकाळी उमलून दुपारी गळणारी. आता जवस किती जण पेरतात? घरापुरता एक वाफा तरी पेरा.

कोणी म्हणेल, शेतात एवढी फवारणी चालते, त्यापुढे अंगणातली चार झाडं काय पुरणार. खरंच आहे, पुरणार नाहीत. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसं दगावली, तिथे माशीची काय कथा. पण म्हणून अंगणातलंही काढून टाकायचं? शेतात निदान फुलोऱ्यात असलेल्या पिकावर सकाळी फवारू नका, माश्या तेव्हाच कामावर असतात. संध्याकाळी त्या परतल्यावर फवारा, लागणारच असेल तर. आमच्याकडे तसंच करतात.

20 मेला जागतिक मधमाशी दिन म्हणून स्टेटस ठेवणारे माझ्या यादीत भरपूर आहेत. त्या दिवशी आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो. स्टेटस ठेवा, पण मातीच्या परळात पाणी ठेवून त्यात चार खडेही टाका. माशीला खड्यावर बसून पिता येतं, नुसत्या पाण्यात ती बुडून मरते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या वहिनी वाईट नाहीत, त्यांना कोणी सांगितलंच नसेल. आईला आता शिडी चढवत नाही, पण कोहळ्याच्या दिवसांत ती अजून सकाळी उठून आधी वेलाकडे बघते, माशी आली का म्हणून. आली की मगच चहा ठेवते.

सांबार, सोप, तीळ, जवस, सब्जा, सगळ्यांचं घरचं बी आहे माझ्याकडे. गावातल्यांनी केव्हाही या, पुड्या बांधून देते. बाहेरगावचे असाल तर कोणी येणारं-जाणारं असलं की निरोप द्या. तीळ आणि सब्जा मृगाचा पाऊस पडल्यावर टाका. सांबार, सोप आणि जवस दिवाळीच्या सुमारास.