डीएसएलआर अजून बाद नाही
जंगलात प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढायला मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेराच घ्या, डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आता घेऊच नका असं लेखात सरळ लिहिलंय, ते नाही पटलं. आवाजाचा मुद्दा मान्य, माझ्या कॅमेऱ्याचा आरसा खटकन उचलला की हरीण कान टवकारतं आणि पुढच्या फ्रेममध्ये त्याची पाठच दिसते, शिवाय मिररलेसचा झुडपातल्या पक्ष्याचा डोळा पकडणारा फोकस म्हणजे वरदानच आहे. पण मिररलेसच्या सायलेंट शटरवर (आवाज न करता फोटो काढताना) बहुतेक सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ओळीओळीने वाचले जातात, सेन्सर स्लो असेल तर उडताना पंख वाकडे येतात, हे आधी सांगायला हवं ना! आणि बॅटरी? २०१६ चा निकॉन डी५०० हा डीएसएलआर सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांच्या जपानी संघटनेच्या) मोजमापात एका चार्जवर १२४० फोटो देतो, व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीला) तासभर डोळा लावून बसा, त्यात मिररलेससारखा स्क्रीन नसल्याने बॅटरीला फारसा फरक पडत नाही. बजेट कमी असेल तर जुनी डीएसएलआर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, उरलेले पैसे लांब लेन्समध्ये घाला.