‘आता विमान उपग्रहच उतरवणार’: सांबरा विमानतळाबद्दल फिरणाऱ्या मजकुराचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात एक मजकूर मोबाइलवरून हातोहात पुढे जातो आहे. ‘गगन’ या भारताच्या उपग्रह-मार्गदर्शन व्यवस्थेबद्दलचा तो मजकूर थोडक्यात असा: ‘गगन आल्यामुळे रडार, टॉवर आणि कंट्रोलर मोडीत निघणार. पाऊस असो की धुकं, सांबऱ्यावरून विमान परत जाणार नाही. मोबाइलवर विमान दिसतंच, मग टॉवर हवा कशाला? वाटा सरळ होणार, तिकीट निम्म्यावर येणार. आणि विमानांना सगळं दिसणार असल्यामुळे उसावर फवारणीचा ड्रोन परवानगीशिवाय कुठेही उडवता येईल.’

यातलं शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. बाकीची अर्धवट आहेत. प्रत्येकात खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच एकेक मुद्दा सोडवून पाहायला हवा.

‘पाऊस असो की धुकं, विमान परत जाणार नाही.’ बेळगावकरांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा हाच. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याकडून ढग सरकत येतात. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे अशा दिवशी ढगाचा तळ जमिनीपासून फार वर राहत नाही. विमान घिरट्या घालतं आणि हुबळी, गोवा किंवा बंगळूर गाठतं. घरच्यांना न्यायला आलेली माणसं बाहेर ताटकळत राहतात.

गगन ही जीपीएसमधली चूक दुरुस्त करणारी व्यवस्था. देशभरातली १५ संदर्भ केंद्रं जीपीएसचे संकेत टिपतात, मुख्य केंद्रं त्यातली चूक मोजतात आणि जीसॅट-८, जीसॅट-१०, जीसॅट-१५ हे उपग्रह ती दुरुस्ती विमानापर्यंत पोचवतात. उभ्या मार्गदर्शनासाठी, म्हणजे उतरताना उंचीची रेघ दाखवण्यासाठी, तिला २०१५ च्या एप्रिलमध्ये मान्यता मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर-७२ विमान राजस्थानात किशनगढला या पद्धतीने उतरलं. धावपट्टीच्या टोकाला आयएलएसचे, म्हणजे विमानाला उतरण्याची वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेचे, अँटेना न बसवताही जवळपास तेवढ्याच अचूकतेची वाट मिळते. लहान विमानतळांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण वाट मिळणं म्हणजे उतरण्याची परवानगी मिळणं नव्हे. प्रत्येक पद्धतीला निर्णयाची उंची ठरलेली असते. आयएलएसच्या पहिल्या श्रेणीत ती २०० फूट, गगनच्या या पद्धतीत २५० फूट. त्या उंचीवर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले नाहीत, तर त्याने विमान पुन्हा वर न्यायचंच. ढगाचा तळ १५० फुटांवर असेल तर कितीही उपग्रह डोक्यावर असोत, विमान परत जाणार.

आता दिव्यांचा हिशेब पाहा. ३ अंशांच्या उतारावर २५० फुटांवर असलेलं विमान धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे १,१५० मीटर मागे असतं. धावपट्टीच्या आधी ९०० मीटर लांबीच्या दिव्यांची रांग असेल, तर पहिला दिवा वैमानिकापासून २५०-३०० मीटरवर येतो. रांग ४२० मीटरची असेल तर तोच सातशेहून अधिक मीटरवर. दिवेच नसतील तर पूर्ण १,१५० मीटर पावसातून आरपार दिसायला हवं. म्हणूनच २०० फुटांच्या निर्णय-उंचीला पूर्ण दिवे असतील तर ५५० मीटर दृश्यमानता पुरते आणि दिवे नसतील तर सुमारे १,२०० मीटर लागते. बेळगावात पावसाळ्यातली उड्डाणं वाचवायची असतील, तर उपग्रहाइतकाच जोर जमिनीवरच्या या रांगेवर आणि तिच्यासाठी लागणाऱ्या जागेवर द्यायला हवा. लोकप्रतिनिधींकडे मागणी करणाऱ्यांनी हे शब्द निवेदनात जरूर घालावेत.

गगनची पद्धत एखाद्या विमानतळावर ‘सुरू’ करायची म्हणजे कळ दाबायची नसते. आधी धावपट्टीच्या टोकांचं आणि आसपासच्या टेकड्या, मनोरे, पाण्याच्या टाक्या, झाडं यांचं जीपीएसच्या मापनपद्धतीत सर्वेक्षण होतं. त्यावरून वाट आखली जाते. एखादा मोबाइल टॉवर आडवा आला की निर्णयाची उंची वर सरकते, आणि २५० फुटांची अपेक्षा ३५०-४०० वर जाते. मग मोजणीच्या विमानाने तपासणी, डीजीसीए या देशाच्या विमान वाहतूक नियामकाची मंजुरी, वैमानिकांचं प्रशिक्षण. शिवाय विमानात गगनचा संकेत घेणारा रिसीव्हर हवा. एटीआर-७२ च्या नव्या विमानांत तो असतो, पण एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ जातीच्या अनेक विमानांत नाही. तो बसवण्याचा नियम १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदलेल्या विमानांपुरता आहे, त्याआधीची जुनी विमानं अजून उडत आहेतच.

गगनचा रिसीव्हर नसलेली विमानंही जीपीएसच्या वाटेने उतरतात, पण ती उंची हवेच्या दाबावरून काढतात. तिथे टॉवरने सांगितलेला दाबाचा आकडा चुकला तर काय होतं, ते पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर २३ मे २०२२ रोजी दिसलं. वैमानिकांना १००१ ऐवजी १०११ हेक्टोपास्कल सांगितलं गेलं. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८ फूट, म्हणजे १० च्या चुकीने विमान २८० फूट खाली. पावसात, धावपट्टीच्या सुमारे मैलभर आधी, ते ए-३२० जमिनीपासून अवघ्या ६ फुटांवर आलं होतं आणि मग वर गेलं. कॉकपिटमधल्या पडद्यावर वाट अगदी बरोबर दिसत होती. गगनचा खरा फायदा इथे आहे. तिची उंचीची रेघ हवेच्या दाबावर अवलंबून नसते, त्यामुळे ही विशिष्ट चूक ती वाट वाकवू शकत नाही. गगनची बाजू मांडायची असेल तर ही मांडावी. ‘विमान परत जाणार नाही’ हे आश्वासन मात्र कुणी देऊ नये.

‘टॉवर आणि कंट्रोलर मोडीत.’ यातला खरा भाग एवढाच की टॉवरची इमारत विमानतळापासून दूर जाऊ शकते. स्वीडनमध्ये २०१५ पासून अर्न्शोल्ड्सविकचा टॉवर सुंड्सवालमधून चालतो: कॅमेरे धावपट्टीशी, पडदे आणि कंट्रोलर दुसऱ्या गावात. कंट्रोलर आहेच. विमानतळावर तो फक्त ‘उतरा’ म्हणत नाही. धावपट्टीवर कुत्रं आलं का, पक्ष्यांचा थवा बसला का, तपासणीची जीप बाहेर पडली का, अग्निशमनाची गाडी तयार आहे का, हे सगळं पाहून तो मोकळीक देतो. मागचं विमान पुढच्या जड विमानाच्या हवेच्या भोवऱ्यात सापडू नये म्हणून मध्यम विमानाला ५ सागरी मैल मागे ठेवतो. उपग्रह स्थान सांगतो. कोण आधी, कोण नंतर हे तो ठरवत नाही.

संगणकाची मदत वाढणार, आणि ती वाढायलाच हवी. येणाऱ्या विमानांची रांग लावणारं, दोन विमानं जवळ येऊ लागली की आधीच इशारा देणारं सॉफ्टवेअर मोठ्या केंद्रांत आहे. पण ते बंद असताना माणसंही कमी असली की काय होतं याचं उत्तर १ जुलै २००२ च्या रात्री मिळालं. त्या रात्री स्वित्झर्लंडमधल्या केंद्रात यंत्रणा सुधारण्याचंच काम चालू होतं. टक्करीचा इशारा पडद्यावर दिसत नव्हता, मुख्य दूरध्वनी बंद होते, आणि दोन जागांचं काम एकच कंट्रोलर पाहत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता. त्याने एका विमानाला खाली जा सांगितलं, त्याच विमानातल्या टक्करविरोधी यंत्राने वर जा सांगितलं. जर्मनीच्या युबरलिंगेनवर दोन्ही विमानं आदळली, ७१ माणसं गेली. त्यानंतर जगभर नियम स्पष्ट झाला: अशा वेळी विमानातल्या यंत्राचं ऐकायचं. आधुनिकीकरणाच्या काळात माणसं कमी करायची नसतात, वाढवायची असतात. जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ बरोबरच चालवावी लागते.

‘मोबाइलवर विमान दिसतं.’ दिसतं, कारण विमान आपलं स्थान १०९० मेगाहर्ट्झवर साधारण सेकंदाला दोनदा जाहीर करतं. याला एडीएस-बी म्हणतात. ॲपवाले हे संकेत जगभरच्या हौशी लोकांच्या छोट्या अँटेनांवरून गोळा करतात. अँटेनाची नजर सरळ रेषेत जाते: ३०,००० फुटांवरचं विमान सपाट भागात जवळपास ४०० किलोमीटरवरून टिपता येतं, १,००० फुटांवरचं सत्तरेक किलोमीटरवरून, आणि मध्ये टेकडी आली की त्याहून कमी. म्हणजे उतरण्याच्या नेमक्या टप्प्यात चित्र तुटतं, आणि ॲप काही वेळ अंदाजाने विमान पुढे सरकवत राहतं. घाटापलीकडे दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे. लढाऊ विमानं असा संकेत देत असतीलच असं नाही. ॲपवर आकाश मोकळं दिसलं म्हणजे ते मोकळं असतंच असं नाही. विमान कुठवर आलं हे बघून स्टेशनवरून रिक्षा करायला ॲप ठीक आहे, त्यापलीकडे नको.

याच कारणाने रडारही मोडीत निघत नाही. एडीएस-बीमध्ये विमान आपलं स्थान स्वतः जीपीएसवरून सांगतं. जीपीएस फसलं तर ते चुकीचं स्थान अगदी प्रामाणिकपणे सांगेल; रडार मात्र विमानाची जागा जमिनीवरून स्वतः मोजतं. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात भारताच्या सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये व्यत्ययाच्या ४६५ घटना सरकारने लोकसभेत सांगितल्या. त्या आपल्यापासून दूर असल्या तरी दिल्ली-बेळगावसारख्या उड्डाणांची विमानं दिवसभर देशभर फिरतात. म्हणून अमेरिकेने जुनी व्हीओआर केंद्रं (विमानाला दिशा दाखवणारी जमिनीवरची रेडिओ केंद्रं) कमी केली, पण जीपीएस गेलं तर उतरता यावं इतकं किमान जाळं मुद्दाम राखलं.

संगणकावरची यंत्रणा बंद पडली की परिणामही मोठा होतो. २८ ऑगस्ट २०२३ ला लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाच्या उड्डाण-आराखड्यात एकाच नावाची दोन ठिकाणं आली. असे आराखडे वाचणाऱ्या ब्रिटनच्या मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणा एकाच सॉफ्टवेअरवर होत्या, त्यामुळे दोन्ही एका पाठोपाठ थांबल्या. आराखडे हाताने पाहावे लागले आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांना फटका बसला. दिल्लीत ७ नोव्हेंबर २०२५ ला निरोप पाठवणारी यंत्रणा बिघडली आणि ८०० हून अधिक उड्डाणं लांबली. दोन्हीकडे आकाश सुरक्षित राहिलं, कारण कंट्रोलरांनी उड्डाणांचा ओघ कमी करून हाताने काम केलं.

‘तिकीट निम्म्यावर.’ हिशेब छोटा आहे. हवाई वाहतुकीचं व्यवस्थापन सुधारल्यास इंधन ६ ते १२ टक्के वाचू शकेल, असा अंदाज १९९९ मध्ये आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीने मांडला. भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधन साधारण ३० ते ४० टक्के. सगळं मनासारखं झालं आणि सगळी बचत प्रवाशाला दिली, तरी ४० च्या १२ टक्के म्हणजे ४.८ टक्के: ४,००० रुपयांच्या तिकिटावर दोनशेच्या आत. बेळगाव-बंगळूर हवेतून साडेचारशे किलोमीटरच आहे, तिथे वळणाची वाट कमी आणि चढ-उतार जास्त, म्हणून बचत आणखी कमी. इथल्या तिकिटांवर खरा परिणाम केंद्र सरकारच्या उडान योजनेचा झाला. तिची मदत एका मार्गाला तीन वर्षं असते, आणि ती संपली की मार्ग टिकेल की नाही ते प्रवासीसंख्या ठरवते.

राहिला ड्रोनचा मुद्दा. फवारणीचा ड्रोन कोणतंही एडीएस-बी देत नाही, आणि दिवसा ताशी २०० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या वैमानिकाला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर, आणि त्यापलीकडे ४०० फुटांच्या वर. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन-नकाशावर लाल असलेल्या भागात केंद्र सरकारची परवानगी हवी, आणि सांबऱ्याला वायुदलाचं केंद्र असल्यामुळे हे आधी तपासायलाच हवं. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री, मारीहाळ या गावांतल्या शेतकऱ्याने भाड्याने ड्रोन बोलावला तरी डिजिटल स्काय नकाशावर आपल्या शेताचा रंग आणि चालकाची परवानगी स्वतः पाहावी.

‘फवारणी पिकावर तीन मीटरवरच तर होते’ असं चालक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण रिमोटचा संपर्क तुटला की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत आपोआप वर चढतो आणि मग परत येतो. ती उंची अनेकदा आधीच्या गावात, उंच झाडांसाठी वाढवून ठेवलेली असते. कामाला लागण्याआधी चालकाला ती पडद्यावर दाखवायला सांगा. परवानगीत लिहिलेल्या उंचीपेक्षा ती जास्त असेल तर आधी खाली आणायला लावा, मगच टाकीत औषध भरू द्या.