‘घरबसल्या भीती’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कर्ज थकलं की सरफेसी कायद्याखाली बँक तारण ठेवलेलं घर लिलावात विकते. असं घर घेण्यातल्या धोक्यांवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : ‘२०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा तारण सोडवण्याचा हक्क संपतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. घरबसल्या भीती पसरवण्याआधी कायदा वाचा.’

चूक आधी मान्य करतो. ‘विक्री होईपर्यंत कर्जदार घर सोडवू शकतो’ हे माझं वाक्य जुन्या कायद्याचं होतं. लेखातलं ते वाक्य बदललं आहे.

पण ‘घरबसल्या’? २०१८ मध्ये मी स्वतः सरफेसीच्या लिलावात फ्लॅट घेतला. २५ टक्के लगेच, उरलेले ७५ टक्के १५ दिवसांत, वडिलांची एफडी मोडून आणि कर्ज काढून भरले. कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला, स्थगिती आली. चौदा महिने मी राहत्या घराचं भाडं आणि न मिळालेल्या घराचा हप्ता, दोन्ही भरत होतो. बँकेकडे ताबा होता तो फक्त सांकेतिक. आत कुटुंब राहत होतं. त्यांच्या दारात उभा राहून मी त्या घरातल्या आजींशी बोललोय. तुम्ही कधी अशा दारात उभे राहिलात का? नसाल, तर मला कायदा वाचायला सांगू नका.

आणि ज्या निकालाचा दाखला देता, तो तरी पूर्ण वाचलात का? सेलिर (लिलावातला खरेदीदार) विरुद्ध बाफना मोटर्स (कर्जदार). खरेदीदारानं १०५ कोटींवर बोली लावून सगळी रक्कम भरली होती. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कर्जदाराला मालमत्ता सोडवू दिली. ते फिरवायला खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. म्हणजे हक्क कायद्यानं संपला होता, भांडण संपलं नव्हतं. मी सांगत होतो ते एवढंच. सरफेसीच्या कलम १७ खाली कर्जदार आजही दाद मागू शकतो, आणि नोटिशीत गफलत सापडली तर लिलावच रद्द होऊ शकतो. दिल्लीपर्यंत लढायला पगारदार माणसानं पैसा कुठून आणायचा, यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक अक्षर नाही.

सोसायटीची थकबाकी, मुद्रांक शुल्क हे तुमचे बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत, त्यात शिरत नाही.

ते एक वाक्य सोडून लेख आहे तसाच राहील. ‘घरबसल्या’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.