मशीन नको, हातमोजे बघा

सांगली-मिरजेकडच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘डायलिसिसच्या मशीनमधून सी कावीळ होते, ती कधीच बरी होत नाही. वेगळं मशीन मागा, पेशंटचं ताट-तांब्या वेगळा ठेवा, रोज उसाचा रस पाजा.’ जतहून, कवठेमहांकाळहून एसटीने मिरजेला डायलिसिसला येणाऱ्या माणसाची झोप उडवायला एवढं पुरे.

डायलिसिसवाल्यांना हिपॅटायटिस सीचा, म्हणजे मेसेजमधल्या ‘सी काविळी’चा, धोका जास्त, हे खरंच. पण रक्त मशीनच्या पोटात जात नाही. नळ्या आणि डायलायझर (रक्त गाळणारी नळकांडी) यांतूनच फिरून परत येतं. विषाणू नेतात ते बहुतेक वेळा हात. एकाची सुई काढली, त्याच हातमोज्यांनी शेजारच्या मशीनची बटणं दाबली, तोच हात पुढच्याच्या फिस्टुलावर, म्हणजे सुई टोचायच्या हातावरच्या शिरेवर! रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली खुर्चीखुर्चीपाशी फिरवली तरी तेच. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातही विषाणू असतो, आणि बाहेर पडून तो लगेच मरत नाही.

वेगळं मशीन लागतं ते हिपॅटायटिस बीला. सीसाठी ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगत नाहीत. भांडायचंच तर हातमोज्यांवरून भांडा. सिस्टर चिडतील, चिडू देत. आणि दर सहा महिन्यांनी सीची तपासणी होते का, तेही विचारा. डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. बहुतेकांचे होतच नाहीत.

‘कधीच बरी होत नाही’ हे तर साफ खोटं. बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, शंभरातले पंचाण्णवच्या वर बरे होतात. यातल्याच सोफोसबुविर या औषधाला अमेरिकेत 2019 पासून डायलिसिसच्या पेशंटसाठीही मान्यता आहे. आपल्याकडे 2018 मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधं मोफत मिळतात. बरं झाल्यावरही अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्हच येत राहतो. त्याने हबकू नका, विषाणू अजून रक्तात आहे का ते सांगणारी आरएनए तपासणी बघा. पुन्हा लागण मात्र होऊ शकते.

ताट-तांब्या? एकत्र जेवा. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढा वेगळा.

राहिला रस. ऊसपट्ट्यात रसाला नाही म्हणणं जड जातं, आणि काविळीला रस हे आजीच्या काळापासून डोक्यात बसलेलं. पण ज्याला दिवसाचं पाणी मोजून प्यायचं आहे, त्याच्या पोटात ग्लासभर रस म्हणजे जादा पाणी आणि वर पोटॅशियम. त्यात मधुमेह असला तर विचारूच नका. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते पुढच्या डायलिसिसची वाट बघत नाही. गळ्यात काविळीची माळ घालायची तर खुशाल घाला, रस तेवढा नको.