अगदी खासगी अल्बम आणि माइकपासूनचं अंतर

स्वतःच लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली, स्वतःच गायलेली गाणी, आणि विषय अगदी घरातला: गेलेली आई, मोडलेलं लग्न, लांबलेलं आजारपण. असा अल्बम आला की लोक म्हणतात, "काळीज काढून ठेवलंय." कौतुक खरं असतं, पण ते तिथेच थांबतं याचं मला वाईट वाटतं. काळीज काढून ठेवलेले अल्बम पुष्कळ निघतात आणि त्यातले बरेचसे दुसऱ्यांदा लावावेसे वाटत नाहीत. दुःख खोटं असतं म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याला गायकापासून किती अंतरावर बसवायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून.

अंतर हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाहीये. ते सेंटिमीटरमध्ये मोजता येतं, डेसिबलमध्ये मोजता येतं, आणि त्याआधी व्याकरणात सापडतं.

व्याकरणात म्हणजे असं. मराठीत खासगी गाणं लिहायला बसलं की क्रियापदच चुगली करतं. "तू आलास" म्हटलं की पुरुष, "तू आलीस" म्हटलं की बाई. "मी गेलो", "मी गेले" तसंच. ज्याला समोरच्याची ओळख झाकायची आहे त्याला भाषेत वाटा आहेत. "तू येशील", "मी जाईन" या भविष्यकाळात लिंग कळत नाही. "तुला पाहिलं", "तुझी वाट पाहिली" इथे क्रियापद भलत्याच शब्दामागे जातं आणि माणूस लपतो. पण दहाच्या दहा गाणी अशा आडवाटेने लिहिली की सगळंच धूसर होतं, ऐकणाऱ्याला कुणाचाच चेहरा दिसत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोन-तीन गाण्यांत उघड बोलावं, बाकीच्यांत झाकावं, आणि कोणत्या गाण्यात काय हे लिहितानाच ठरवावं. गाणं "तू"शी बोललं की ऐकणारा एकतर स्वतःला त्या "तू"च्या जागी ठेवतो, नाहीतर दाराआडून दुसऱ्याचं बोलणं ऐकतो. "तो" किंवा "ती" आलं की तो साक्षीदार होतो. सगळी गाणी "तू"ला उद्देशून असतील तर चौथ्या गाण्यापर्यंत कान थकतो. एका कागदावर गाण्यांची नावं लिहून प्रत्येकापुढे "कोण, कुणाशी, कधी बोलतंय" एवढं नोंदवलं तरी खड्डा लगेच दिसतो. दहातल्या सातांपुढे तेच उत्तर आलं तर दोन गाणी नव्याने लिहावी लागणार.

मग पट्टी, म्हणजे हार्मोनियमच्या कोणत्या स्वराला सा मानून गायचं ते. स्टेजवर जे गाणं काळी दोनमध्ये दणदणीत लागतं, ते रेकॉर्डिंगला काळी एकवर किंवा आणखी अर्धा स्वर खाली आणून पाहावं. पट्टी उतरली की गळ्यावरचा ताण जातो आणि गाण्यात बोलण्याचा सूर येतो. पण उतरवायला मर्यादा आहे. सगळ्यात खालची ओळ दम संपताना गाऊन बघायची. शेवटच्या अक्षराची नुसती हवा होत असेल तर पट्टी फार खाली गेली. त्या हवेला ऐकू येण्याजोगं करायचं तर प्रीअँपचा (माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राचा) गेन, म्हणजे वाढीचं प्रमाण, वाढवावा लागतो, आणि गेन वाढला की पंखा, फ्रिज, रस्ता सगळे अल्बममध्ये येऊन बसतात.

आता माइक. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण खासगी वाटणं बरंचसं इथे घडतं आणि बिघडतंही इथेच.

कार्डिऑइड माइकजवळ (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या माइकजवळ) तोंड नेलं की आवाजातला खर्ज फुगतो. तो कानाशी बोलल्यासारखा वाटतो, म्हणून सगळे माइकला चिकटतात. पण त्या जवळिकीची किंमत आहे. तोंड माइकपासून १० सेंटिमीटरवर असताना डोकं ५ सेंटिमीटर पुढे गेलं तर थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. ३० सेंटिमीटरवर असताना तेवढंच पुढे गेलं तर फरक दीड डेसिबलच्या आसपास. म्हणजे जितकं जवळ, तितकं स्थिर बसावं लागतं, आणि मनातलं गाणारा माणूस स्थिर बसत नाही. मुखड्यात पातळ, अंतऱ्यात जाड असा आवाज मग मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना) सरळ करता करता जीव जातो. बहुतेक गळ्यांना १५ ते २० सेंटिमीटर हे अंतर मानवतं. एखादंच गाणं, अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात उघडं गाणं, ८-१० सेंटिमीटरवरून घ्यावं. सगळीच गाणी तिथून घेतली तर ऐकणाऱ्याला ते गाणं वेगळं कळायचं कसं?

मराठीत गाणाऱ्याला आणखी एक त्रास आहे: महाप्राण अक्षरं. फ, भ, ख, ध यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो आणि "भरून आलं" मधला भ माइकवर धप्पकन आदळतो. पॉप फिल्टर, म्हणजे हा झोत अडवणारी जाळी, माइकपासून किमान ५ सेंटिमीटर पुढे हवा, अगदी चिकटवला तर त्याचा उपयोग जवळजवळ संपतो. शिवाय माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता थोडा बाजूला किंवा नाकाच्या उंचीवर ठेवून ओठांकडे झुकवावा, म्हणजे झोत बाजूने निघून जातो. स आणि श टोचत असतील तरी आधी हाच कोन बदलून पाहावा, डी-एसर (स-श ची टोच कमी करणारं साधन) नंतर. डी-एसर जास्त लागला की "सांग" चं "थांग" होतं आणि ओळीचा अर्थच बदलतो.

खोलीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. लोक माइकच्या मागे फोम लावतात. कार्डिऑइड माइकला मागचं ऐकूच कमी येतं, त्याला दिसते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. जाड गोधड्या, गादी, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट जे काय आहे ते गायकाच्या मागे आणि बाजूंना हवं. पातळ पडदे लावून उपयोग नाही. ते फक्त वरचे स्वर शोषतात, २०० ते ४०० हर्ट्झचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. कोपऱ्यात बसू नये, आणि खोलीच्या अगदी मधोमधही नको.

गिटार वाजवत गाणारा असेल तर दोन्ही एकदमच घ्यावं, असं मी ठामपणे म्हणेन. वेगवेगळं घेतलं की संपादन सोपं होतं, पण ओळीच्या शेवटी हात आणि श्वास एकत्र थांबतात ते जातं. दोन माइकचे आवाज एकमेकांत शिरतात ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय आठच्या आकाराच्या पॅटर्नचा. असा माइक पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी बहिरा असतो. गळ्याच्या माइकची बहिरी बाजू गिटारकडे आणि गिटारच्या माइकची बहिरी बाजू तोंडाकडे वळवायची. गिटारचा माइक दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) समोर, २० ते ३० सेंटिमीटरवर. भोकासमोर लावला की नुसतं भुम्म भुम्म येतं. तारा आदल्या दिवशी बदलाव्यात. रेकॉर्डिंगच्या सकाळी बदललेल्या तारा दर दोन टेकनंतर (टेक म्हणजे गाण्याचं एकदा सलग रेकॉर्डिंग) उतरतात. रेकॉर्डिंगच्या पातळीबाबत घाबरून वर जाऊ नये. २४ बिटवर सर्वांत मोठी ओळ उणे १० डेसिबलच्या आसपास, म्हणजे कमाल मर्यादेच्या १० डेसिबल खाली, राहिली तरी भरपूर आहे.

टेक घेताना रडू येणं. हे खासगी अल्बममध्ये होणारच, आणि रडलेला टेकच ठेवायचा मोहही होणार. तो मोह आवरावा. रडताना गळा आवळतो, सूर हलतो, नाक चोंदतं. नाक चोंदलं की म चा ब आणि न चा द ऐकू येतो, "मन" चं "बद" होतं. ऐकणाऱ्याला दुःख पोचत नाही, सर्दी पोचते. उपयोगाचा टेक बहुधा त्याच्यानंतरचा असतो: पाणी पिऊन, पंधरा-वीस मिनिटं थांबून, आवाजात अजून ओल आहे पण अक्षर स्वच्छ आहे असा. तीन टेक पूर्ण घ्यावेत, मध्ये न थांबता. चौथ्यानंतर माणूस भावना आठवून आठवून गायला लागतो आणि ते लपत नाही.

टेक जोडताना ओळ हे एकक मानावं. शब्द शब्द उचलून जोडलेला गळा सुरात असतो, पण श्वासांचा हिशोब लागत नाही. लांब ओळीआधी छोटा श्वास ऐकू आला की कानाला खटकतं, का ते सांगता आलं नाही तरी. श्वास पुसूही नयेत. फार मोठा असेल तर ४ ते ६ डेसिबल खाली आणावा, बस. सुरांच्या दुरुस्तीत सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर मींडीच्या पायऱ्या होतात: सरकत जाणारा स्वर जिन्यासारखा उतरतो. हाताने एखादाच स्वर सावरावा. थोडा उतरलेला शेवट कित्येकदा त्या ओळीचं खरं वाक्य असतो.

इथे लोक हमखास अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या 'नेब्रास्का' या अल्बमचं उदाहरण देतात, की बघा, घरात कॅसेटवर केलं आणि अजरामर झालं. उदाहरण बरोबर आहे, निष्कर्ष अर्धवट आहे. जानेवारी १९८२ मध्ये चार ट्रॅकच्या टिअॅक कॅसेट रेकॉर्डरवर दोन शुअर एसएम५७ माइक लावून त्याने ती गाणी घेतली. नंतर बँडसोबत स्टुडिओत करून पाहिली, जमली नाहीत, आणि त्याच वर्षी कॅसेटवरचीच बाहेर आली. पण त्या कॅसेटवरही मिक्स करताना त्याने एको, म्हणजे प्रतिध्वनीचं, मशीन लावलं होतं. म्हणजे इतक्या उघड्या अल्बमलाही किती पोकळी द्यायची हा निर्णय झालेला होता. शिवाय ती कॅसेट रेकॉर्डच्या तबकडीवर कापताना मास्टरिंगवाल्यांची, म्हणजे शेवटची प्रत तयार करणाऱ्यांची, दमछाक झाली ती वेगळीच. साधेपणा फुकट मिळत नाही.

मिक्समध्ये गळा जवळ ठेवायचा असेल तर रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) कमी करण्याइतकाच प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि तो घुमारा यांमधला वेळ, महत्त्वाचा. २० ते ४० मिलिसेकंद प्री-डिले दिला की आधी माणूस ऐकू येतो, मग खोली. प्री-डिले शून्य ठेवला की तोच गळा खोलीच्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटतो. कंप्रेशन (मोठे आवाज दाबणं) २:१ किंवा ३:१, दाब ३-४ डेसिबलपर्यंत, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे व्यंजनं चिरडली जात नाहीत. उरलेलं काम फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हाताने हलवून करावं. वाद्यांबाबत एकच सवय मला खुपते: दर कडव्याला एक वाद्य वाढवत न्यायची. शेवटच्या कडव्यात व्हायोलिनं आली की गायकाला जे म्हणायचं होतं ते व्हायोलिनं म्हणतात. सगळं वाजवून झाल्यावर एकेक ट्रॅक बंद करून ऐकावं. बंद केल्याचं कळलं नाही तर तो ट्रॅक नकोच होता.

क्रमाला मात्र वेळ द्यावा. कॅनडाच्या गायिका जोनी मिचेलच्या १९७१ च्या 'ब्लू' अल्बममध्ये आधी ठरलेली दोन गाणी ऐनवेळी काढून दोन नवी घातली गेली, आणि तीच अल्बमची सुरुवात आणि शेवट झाली. दारं बदलली की घर बदलतं. सगळ्यात जड गाणं पहिलं नको, कारण ऐकणारा अजून चपला काढतोय. तिसरं-चौथं किंवा शेवटून दुसरं ही त्याची जागा. एकाच पट्टीतली, एकाच लयीतली दोन गाणी शेजारी आली की दुसरं फिकं पडतं. गाण्यांमधली शांतता एरवी दोन सेकंद, जड गाण्यानंतर चार-पाच. एवढ्या खासगी आवाजात ४० मिनिटांपलीकडे गेलं की ऐकणारा मनाने बाहेर पडतो. हल्ली क्रमाने कोण ऐकतं, असं म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावीशी वाटते: नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेलच्या '३०' या अल्बमच्या वेळी, तिच्या आग्रहावरून, स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलवरून (गाणी उलटसुलट क्रमाने लावण्यावरून) काढून क्रमवार केलं.

मास्टरिंगला देताना सगळी गाणी एकत्र द्यावीत, एकेक नव्हे. एकेक दिली की प्रत्येक गाणं सारख्याच आवाजाला आणलं जातं आणि कुजबुजून गायलेलं गाणं बँडच्या गाण्याइतकं मोठं होतं. स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा भासतो ते मोजायच्या एककाच्या) आसपास पातळी सारखी करतं, पण अल्बम सलग लावला तर गाण्यागाण्यांतला फरक तसाच ठेवतं. तेव्हा तो फरक आपणच मारून टाकू नये.

आणि ज्याच्याबद्दल गाणं आहे तो माणूस. तो जिवंत असेल तर गाणं बाहेर पडण्याआधी त्याने ऐकलेलं असावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. परवानगीचा कायदा बाजूला ठेवा. गायकाकडे माइक आहे, त्याच्याकडे नाही. पण हे ऐकवणं मास्टर तयार झाल्यावर करून उपयोग नाही, तेव्हा कुणी काही बदलत नाही. कच्चं मिक्स झालं की ऐकवावं. एखादं नाव, एखादं गाव, दवाखान्यातला एखादा तपशील काढ असं तो म्हणाला, तर ती एक ओळ पुन्हा गावी लागेल, आणि ती आधीच्या ओळींच्या शेजारी बसायला हवी. त्यासाठी तोच माइक, तीच खोली, दिवसाची तीच वेळ, कारण गळा सकाळी जड असतो आणि संध्याकाळी मोकळा. म्हणून पहिल्या दिवशीच खुर्चीच्या पायांभोवती आणि स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर टेप चिकटवून खुणा कराव्यात, माइक ते ओठ हे अंतर पट्टीने मोजून गाण्याच्या कागदावर लिहावं, प्रीअँपच्या बटणांचा फोटो काढून ठेवावा, आणि त्या माणसाचं ऐकून होईपर्यंत त्या खुणा पुसू नयेत.